पलीकडच्या काठावरून आखलेली वाट

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर. विषय : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठातील मानसशास्त्राच्या पदवीकडे)



रविवारी सकाळी, चहाचा दुसरा कप हातात असताना, या शहरातील अनेक मराठी घरांत व्हिडिओ कॉल लागतो. इकडे रविवारची सकाळ, तिकडे कॅलिफोर्नियात शनिवारची रात्र. इकडे शाळेच्या पहिल्या काही तुकड्यांपैकी एकीत शिकलेली, आता सत्तरीकडे झुकलेली आजी असते; तिकडे याच शाळेत शिकून नोकरीनिमित्त गेलेली लेक आणि नुकतीच बारावी संपवलेली नात. आजी विचारते, "काय गं, कुठल्या युनिव्हर्सिटीत नाव घातलं पोरीचं?" लेक सांगते, "आई, आधी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, मग युनिव्हर्सिटी. तिला सायकॉलॉजी करायचंय." क्षणभर कोणीच बोलत नाही. मग आजीचा आवाज थोडा खाली येतो, "म्हणजे मार्क कमी पडले का गं?"

या एका प्रश्नात दोन शंका दडलेल्या आहेत. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दुय्यम दर्जा, ही पहिली. मानसशास्त्र म्हणजे इंजिनिअरिंग किंवा मेडिकल न मिळालेल्यांचा विषय, ही दुसरी. दोन्ही शंका मायेपोटी येतात आणि दोन्हींना उत्तर आहे. मात्र ज्या शंकेवर सारे अवलंबून असते, ती तिसरी शंका बहुधा कोणी विचारतच नाही : त्या दोन वर्षांत शिकलेले पुढचे विद्यापीठ मोजणार आहे का? या वाटेवर जे विद्यार्थी अडखळतात, त्यांतील पुष्कळांची बुद्धी किंवा मेहनत उणी नसते. त्यांचा हिशेब उशिरा सुरू झालेला असतो.

प्रथम ही संस्था काय आहे ते पाहू जाता, एक गैरसमज दूर करावा लागतो. कम्युनिटी कॉलेजांना पूर्वी अमेरिकेत 'ज्युनियर कॉलेज' म्हणत. भारतात त्या शब्दाने अकरावी-बारावीचे वर्ग डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेत मात्र ते बारावीनंतरचे, चार वर्षांच्या पदवीतील पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण असते. अमेरिकेतील पहिले सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज म्हणून इलिनॉय राज्यातील जोलिएट ज्युनियर कॉलेजकडे बोट दाखवले जाते. ते १९०१ मध्ये सुरू झाले. कॅलिफोर्नियाने १९०७ मध्ये कायदा करून माध्यमिक शाळांना पुढील वर्गांचे शिक्षण देण्याची मुभा दिली आणि १९१० मध्ये फ्रेस्नो येथे त्या राज्यातील पहिले असे महाविद्यालय उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ केले.

या साऱ्याला आजचा आकार आला तो कॅलिफोर्नियाच्या १९६० च्या उच्च शिक्षण आराखड्यामुळे. क्लार्क कर हे तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते. आराखड्याने तीन पायऱ्या ठरवल्या. शाळा संपवणाऱ्यांपैकी वरच्या एक-अष्टमांश विद्यार्थ्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे यूसी. वरच्या एक-तृतीयांशांना स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे सीएसयू. आणि कम्युनिटी कॉलेजचे दार सर्वांना उघडे. खालच्या पायरीवरून दोन वर्षांनी वरच्या पायरीवर, थेट तिसऱ्या वर्षात, जाण्याची सोय त्याच आराखड्याचा भाग होती. म्हणजे ट्रान्स्फर ही पळवाट म्हणून नंतर निघालेली नाही. इमारत बांधतानाच हा जिना बांधलेला आहे. आज त्या राज्यात अशी ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत.

खर्चाचा फरक मोठा आहे. राज्याच्या रहिवासी विद्यार्थ्याला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटमागे ४६ डॉलर शुल्क पडते. युनिट म्हणजे भारतात आता रुळू लागलेला 'श्रेयांक'. साधारण विषय ३ युनिटांचा असतो. ट्रान्स्फरसाठी लागणाऱ्या ६० युनिटांचे शुल्क २,७६० डॉलर होते. यूसीमध्ये रहिवासी विद्यार्थ्याचे केवळ एका वर्षाचे शिक्षणशुल्क १४ हजार डॉलरांच्या वर जाते. पुस्तके, राहणे, जेवण हे दोन्हीकडे वेगळे.

कमीपणाच्या शंकेला काही चरित्रे उत्तर देतात. अवकाशयानाचे नेतृत्व करणारी पहिली महिला, १९९९ ची आयलीन कॉलिन्स, न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजमधून सिरॅक्यूज विद्यापीठात गेली होती. मानवी जनुकसंचाच्या वाचनाशी ज्यांचे नाव जोडले गेले, ते क्रेग व्हेंटर कॉलेज ऑफ सॅन मटेओमधून यूसी सॅन डिएगोमध्ये गेले. अभिनेता टॉम हँक्सने हेवर्ड येथील शाबो कॉलेजचे ऋण जाहीरपणे मानले आहे. आजीच्या पहिल्या शंकेला एवढे पुरे.

तरीही या चित्राची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात दाखल होणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के विद्यार्थ्यांच्या मनात पुढे पदवी घ्यायचे असते. प्रत्यक्षात चार वर्षांच्या विद्यापीठात पोहोचतात ते सुमारे एक-तृतीयांश. आणि सहा वर्षांत पदवी हाती येते ती सुमारे १६ टक्क्यांच्या. गळतीची कारणे अनेक आहेत. नोकरी करून शिकणे, घरच्या जबाबदाऱ्या, पैसा ही त्यांतली मोठी. पण एक कारण टाळता येण्याजोगे आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अंदाज दिला होता, की २००४ ते २००९ या काळात महाविद्यालय बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक या बदलात वाया गेले. विषय शिकला, परीक्षा दिली, शुल्क भरले, आणि नव्या संस्थेच्या वहीत त्याची नोंद झाली नाही.

ही गोष्ट या सभागृहातील माजी विद्यार्थ्यांना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने एक बदल अनुभवला आहे. दहावीपर्यंत 'कर्ण', 'काटकोन', 'लंबदुभाजक' म्हणत भूमिती शिकलेला मुलगा पुढच्या वर्गात गेला आणि पहिल्या दिवशी फळ्यावर 'हायपोटेन्यूज' आले. शेजारी बसलेल्यांना वाटले, याला काहीच येत नाही. त्याला प्रमेय पाठ होते. फक्त त्याचे नाव त्या वर्गात वेगळे होते. ज्यांच्या बाईंनी किंवा सरांनी आदल्या वर्षीच मराठी संज्ञेशेजारी पुढच्या वर्गातील संज्ञा लिहून दिली होती, ते आठवड्याभरात सावरले. ज्यांना ती यादी मिळाली नाही, त्यांचे सहा महिने गेले. ट्रान्स्फरचे नियोजन म्हणजे अशीच यादी : अलीकडच्या कॉलेजातील प्रत्येक विषयासमोर पलीकडच्या विद्यापीठात तो कोणत्या नावाने आणि कशाच्या जागी मोजला जाईल, हे आधी लिहून ठेवणे.

कॅलिफोर्नियात ही यादी अधिकृतपणे उपलब्ध आहे. 'असिस्ट' नावाच्या सार्वजनिक संकेतस्थळावर कम्युनिटी कॉलेज, विद्यापीठ आणि पदवीचा विषय निवडला, की दोन्हीकडील विषय समोरासमोर दिसतात. ती यादी पहिल्या सत्राची नावनोंदणी करण्यापूर्वी छापून घरी ठेवावी आणि दर सत्राला पुन्हा पडताळावी. विषयांच्या क्रमांकांचा गोंधळही आता कमी होत आहे. २०२१ मध्ये झालेल्या कायद्यानुसार सर्व कम्युनिटी कॉलेजांत समान विषयाला समान क्रमांक देण्याचे ठरले आणि २०२५ च्या शरद सत्रापासून त्याचा पहिला टप्पा सुरू झाला. त्या पहिल्या सहा विषयांत मानसशास्त्र परिचय आणि संख्याशास्त्र हे दोन्ही आहेत, ही मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी सोयीची बाब आहे.

नियोजनाचे तीन पदर आहेत. तिन्ही एकाच वेळी सांभाळावे लागतात.

पहिला पदर एकूण युनिटांचा. तिसऱ्या वर्षात प्रवेशासाठी विद्यापीठाला मान्य असलेली ६० सत्र-युनिटे लागतात. काही कॉलेजांत वर्षाची विभागणी सत्रांऐवजी तिमाहीत असते. क्यूपर्टिनोचे डी अँझा कॉलेज त्यांपैकी एक. तेथे हाच आकडा ९० तिमाही-युनिटे असा होतो. सत्राला १५ युनिटे घेतली, तर चार सत्रांत ६० पुरी होतात. 'पूर्ण वेळ विद्यार्थी' म्हणवण्यासाठी मात्र १२ युनिटे पुरतात आणि गफलत येथेच होते. सत्राला १२ याप्रमाणे दोन वर्षांत ४८ होतात. उरलेली १२ उन्हाळी सत्रात घ्यावी लागतात, नाहीतर आणखी एक सत्र काढावे लागते. "मी तर फुल टाइम आहे" या समाधानात अनेकांचे अर्धे वर्ष निसटते.

दुसरा पदर सर्वसाधारण शिक्षणाचा. इंग्रजी लेखन, वक्तृत्व, गणित, कला व मानव्यविद्या, समाजशास्त्रे, विज्ञान आणि वांशिक अभ्यास यांचा एक ठरावीक संच पूर्ण करावा लागतो. २०२५ च्या शरद सत्रापासून नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी यूसी आणि सीएसयू या दोन्हींना चालेल असा एकच संच ठरला आहे. त्याचे नाव 'कॅल-गेटसी'. त्यात ११ विषय आणि ३४ युनिटे आहेत आणि प्रत्येक विषयात किमान 'सी' श्रेणी लागते. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक फायदा आहे. मानसशास्त्र परिचय समाजशास्त्रांच्या रकान्यात बसतो आणि संख्याशास्त्र गणिताच्या रकान्यात. हेच दोन्ही विषय पदवीच्या पूर्वतयारीतही लागतात. एका दगडात दोन पक्षी मारण्याची ही संधी नीट आखणाऱ्यालाच मिळते.

तिसरा पदर पदवीच्या पूर्वतयारीचा, आणि सर्वांत अवघड तोच. मानसशास्त्राकडे जाणाऱ्याने पहिल्या दोन वर्षांत साधारणपणे चार विषय डोळ्यांपुढे ठेवावेत : मानसशास्त्र परिचय, संख्याशास्त्र, संशोधनपद्धती आणि जैव मानसशास्त्र. एवढ्याने सगळीकडचे भागत नाही. काही विद्यापीठ-परिसर याशिवाय जीवशास्त्र मागतात, काही रसायनशास्त्र किंवा कलनशास्त्र मागतात. एकाच यूसीच्या दोन परिसरांच्या मागण्या सारख्या नसतात. म्हणून 'मानसशास्त्र' एवढे ठरवून पुरत नाही; तीन किंवा चार परिसर निवडून, त्या सर्वांच्या मागण्या एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून, जे विषय सर्वांना समान आहेत ते आधी घ्यावेत.

या विषयांना क्रमही आहे. संशोधनपद्धतीच्या वर्गात बसण्यापूर्वी परिचय आणि संख्याशास्त्र झालेले असावे, अशी अट सहसा असते. दोन विद्यार्थिनींची कल्पना करावी. दोघी हुशार, दोघींची ६० युनिटे पूर्ण. पहिलीने संख्याशास्त्राच्या धास्तीने तो विषय चौथ्या सत्रापर्यंत ढकलला आणि मधल्या जागी आवडतील ते विषय घेतले. संशोधनपद्धती आपोआप राहून गेली. दुसरीने पहिल्या सत्रात परिचय आणि इंग्रजी, दुसऱ्यात संख्याशास्त्र आणि जीवशास्त्र, तिसऱ्यात संशोधनपद्धती, चौथ्यात जैव मानसशास्त्र असा क्रम लावला आणि उरलेल्या जागांत सर्वसाधारण शिक्षणाचे विषय बसवले. दोघींच्या गुणपत्रिकेवर एकूण आकडा एकच आहे. एकीपुढे विद्यापीठाची दारे अधिक उघडी आहेत. दुसरीला आणखी एक वर्ष द्यावे लागेल. हा फरक दुसऱ्या सत्रात पडला, आणि तेव्हा तो कोणाच्या लक्षातही आला नाही.

प्रवेशाची हमी देणाऱ्या दोन व्यवस्था आहेत. २०१० च्या कायद्याने 'ट्रान्स्फरसाठीची असोसिएट पदवी' आली. ठरवून दिलेली ६० युनिटे घेऊन ती मिळवली आणि किमान गुणांची अट पाळली, की सीएसयूमध्ये कोठेतरी जागा निश्चित मिळते. आवडत्या परिसरातच मिळेल याची खात्री नसते. यूसीच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा परिसरांत 'ट्रान्स्फर प्रवेश हमी' योजना आहे. विद्यार्थ्याने त्यांपैकी एकच परिसर निवडायचा आणि त्या परिसराच्या अटी पुऱ्या करायच्या. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो या योजनेत नाहीत. यूसीची किमान श्रेणी सरासरी रहिवाशांसाठी २.४ आणि बाहेरच्यांसाठी २.८ आहे. ती अर्ज करण्याची पात्रता झाली. मानसशास्त्र हा लोकप्रिय विषय असल्याने प्रत्यक्ष निवडीसाठी त्याहून बरेच अधिक लागते.

तारखांचे वेळापत्रक दाराच्या मागे लावावे असे आहे. ज्या वर्षी विद्यापीठात जायचे, त्याच्या आदल्या वर्षी सप्टेंबरमध्ये हमीचा अर्ज. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुख्य अर्ज. जानेवारीत नुकत्याच संपलेल्या सत्राचे गुण आणि पुढच्या सत्राचे विषय कळवणारी पुरवणी. ही विसरणारे कमी नाहीत. एप्रिलअखेरपर्यंत बहुतेक निकाल आणि १ जूनपर्यंत होकार. म्हणजे दोन वर्षांच्या मुक्कामात खरा अर्ज जातो तो तिसऱ्या सत्राच्या मध्यावर. त्या दिवशी विद्यापीठाला दिसतात ती पहिल्या वर्षाची फळे. 'पहिले वर्ष रुळण्यात जाऊ दे, दुसऱ्या वर्षी बघू' हा सल्ला भारतीय घरांत प्रेमाने दिला जातो. या वाटेवर तो महाग पडतो.

आता आजीच्या दुसऱ्या शंकेकडे वळावे. मानसशास्त्र हा विषय भारताला नवा नाही. कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये मानसशास्त्राचा विभाग उभा राहिला. त्याची धुरा वाहणारे नरेंद्रनाथ सेनगुप्त अमेरिकेत हार्वर्डला ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे शिकून आले होते. १९२२ मध्ये गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापली. शंभर वर्षांचा हा वारसा असूनही घराघरांत मात्र 'सायकॉलॉजी म्हणजे वेड्यांचा दवाखाना' हा समज टिकून राहिला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशी सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. हक्क लिहिला गेला. तो प्रत्यक्षात उतरवणारी शिकलेली माणसे घरोघरच्या मुलामुलींमधूनच येणार आहेत.

पण विषयाबद्दलचा आदर वाढवताना अपेक्षा मात्र मोजून ठेवाव्यात. मानसशास्त्राची चार वर्षांची पदवी मिळाली म्हणून कोणी मानसशास्त्रज्ञ होत नाही. कॅलिफोर्नियात 'सायकॉलॉजिस्ट' म्हणून परवाना मिळण्यासाठी डॉक्टरेट आणि देखरेखीखालील ३,००० तासांचा अनुभव लागतो. विवाह व कुटुंब समुपदेशकाला पदव्युत्तर पदवी आणि त्याशिवाय ३,००० तास लागतात. शालेय मानसशास्त्रज्ञालाही पदव्युत्तर शिक्षण चुकत नाही. केवळ पदवीवर मनुष्यबळ, समाजकार्य, बाजार-संशोधन, शिक्षण अशी क्षेत्रे खुली होतात. समुपदेशनाची खुर्ची त्यापुढे आहे. वाट इतकी लांब असल्यामुळेच पहिल्या दोन वर्षांत वाचलेल्या पैशाला मोल येते. जो विद्यार्थी पदवीच्या अखेरीस कर्जाखाली दबलेला नाही, तो पदव्युत्तर शिक्षणाचा विचार निर्भयपणे करू शकतो.

पहिल्या दोन वर्षांचा आणखी एक उपयोग आहे. मानसशास्त्र म्हणजे माणसे वाचण्याची कला, अशा समजुतीने अनेक जण येतात आणि संख्याशास्त्राच्या वर्गात दचकतात. हा विषय प्रयोग, मोजमाप आणि अनुमान यांवर उभा आहे. तो आपला आहे की नाही, हे ४६ डॉलर युनिटाच्या वर्गात उमगले तर नुकसान थोडे होते. तेथे नाही म्हणून बाहेर पडणे यात हार नाही, आणि पालकांनी ती हार मानू नये.

पलीकडे पोहोचल्यावरही हिशेब संपत नाही. जे. आर. हिल्स यांनी १९६५ मध्ये 'ट्रान्स्फर शॉक' ही संज्ञा वापरली : नव्या विद्यापीठात गेल्यावर पहिल्या सत्रात गुण घसरतात आणि बहुतेकांचे पुढे सावरतात. ती घसरण येणार हे घरच्यांना आधी ठाऊक असेल, तर फोनवरचा सूर बदलतो. शिवाय पदव्युत्तर प्रवेशासाठी प्राध्यापकांची शिफारसपत्रे आणि प्रयोगशाळेतील कामाचा अनुभव लागतो. चार वर्षे तेथेच असलेल्याला यासाठी तीन वर्षे मिळतात. तिसऱ्या वर्षात आलेल्याला जेमतेम सव्वा. म्हणून कम्युनिटी कॉलेजात असतानाच प्राध्यापकांच्या भेटीच्या तासाला जाणे आणि विद्यापीठात आल्यावर पहिल्याच महिन्यात प्रयोगशाळांची दारे ठोठावणे ही भिडस्तपणा सोडून करण्याची कामे आहेत. मराठी घरांतील मुलांना वर्गात उत्तर देण्याची सवय असते. वर्गाबाहेर प्राध्यापकाकडे काही मागण्याची नसते. ही सवय शाळेतच लागली तर बरे.

भारतातून थेट विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे, आणि तो पालकांनी स्वच्छ मांडावा. ४६ डॉलरांचा दर रहिवाशांचा आहे. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला तो लागू होत नाही, त्याला दर युनिटाला कित्येक पट अधिक शुल्क पडते. पुढे यूसीमध्ये गेल्यावर राज्याबाहेरच्यांना नेहमीच्या शुल्कावर वर्षाला ३० हजार डॉलरांहून अधिक जादा भरावे लागतात. त्याला प्रत्येक मुख्य सत्रात किमान १२ युनिटे घ्यावीच लागतात, त्यामुळे एखादा विषय मध्येच सोडण्याची मोकळीक थोडी. आईवडिलांबरोबर एच-४ व्हिसावर राहणाऱ्या मुलांचे प्रकरण आणखी नाजूक. २१ वर्षे पूर्ण होताच ते अवलंबित्व संपते, आणि हा वाढदिवस नेमका ट्रान्स्फरच्या आसपास येतो. अशा घरांत विषयांच्या यादीशेजारी व्हिसाच्या तारखाही लिहिलेल्या असाव्यात आणि कॉलेजातील आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी वर्षभर आधी बोलणे झालेले असावे.

हे सारे दूरदेशीचे आहे आणि येथे राहणाऱ्या मुलांशी त्याचा संबंध नाही, असे मात्र आता म्हणता येणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स अशा पायऱ्या सुचवल्या. जुलै २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक पेढी सुरू झाली. तिच्यात विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा राहतात आणि दुसऱ्या संस्थेत नेता येतात, अशी ही योजना आहे. नोकरीच्या बदलीमुळे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांना याचा उपयोग इतरांपेक्षा अधिक आहे. पण पेढीत जमा असणे वेगळे आणि नव्या विद्यापीठाने ते विशिष्ट विषयाच्या जागी मानणे वेगळे. ४३ टक्क्यांचा तो धडा येथेही लागू पडतो : जेथे जायचे आहे तेथील मागणी आधी लेखी घ्यावी, मग विषय निवडावेत.

तेव्हा अशा प्रत्येक घराने पहिल्या सत्रापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. कोणकोणत्या विद्यापीठांकडे जायचे आहे? त्यांच्या मानसशास्त्र विभागाला पहिल्या दोन वर्षांत नेमके कोणते विषय हवे आहेत? अलीकडच्या कॉलेजातील कोणता विषय त्यांतील कशाच्या जागी धरला जाईल, आणि हे कोठे लिहिलेले आहे? विषयांचा क्रम कोणता, आणि एखादा राहिला तर तो पुन्हा कधी घेता येईल? अर्जाच्या दिवशी गुणपत्रिकेवर काय दिसेल? ही पाच उत्तरे घेऊन कॉलेजच्या समुपदेशकाकडे दर सत्राला एकदा जावे. समुपदेशकासमोर शेकडो विद्यार्थी असतात. कोरी वही घेऊन आलेल्याला तो ठोकळ सल्ला देतो आणि लिहिलेली यादी घेऊन आलेल्याची यादी तपासतो.

साठ वर्षांपूर्वी ही शाळा सुरू झाली तेव्हाही एक शंका होतीच : परप्रांतात मराठीतून शिकून मुलांचे पुढे कसे होणार? त्या शंकेला उत्तर भाषणांनी मिळाले नाही. ते मिळाले पुढच्या कॉलेजात काय विचारले जाणार हे माहीत करून घेऊन, त्याप्रमाणे शाळा सुटल्यावर जादा तास घेणाऱ्या शिक्षकांमुळे. आजी त्याच वर्गांतून बाहेर पडलेली आहे. तिला ही गोष्ट नीट सांगितली, तर ती कळायला वेळ लागणार नाही. पुढच्या रविवारी कॉल लागेल तेव्हा तिने मार्कांचे विचारू नये. तिने विचारावे, "पलीकडची युनिव्हर्सिटी हिचे कुठले कुठले विषय धरणार आहे, ते लिहून घेतलंस का गं?"

आणि नातीने तो कागद कॅमेऱ्यासमोर धरून दाखवावा.